काळा पडदा

प्रागमध्ये गुप्त पोलीस ओताकार मास्तरांच्या मुलाला, मिलानला, चार दिवस शोधत होते. घरात कुणी चोरून ऐकणारं यंत्र लपवलंय का, हे बघायला मास्तरांनी विजेच्या लहरी पडद्यावर रेघेसारख्या दाखवणारा आपला जुना ऑसिलोस्कोप काढला. त्याच्या वायरीला तांब्याच्या तारेचं वेटोळं जोडलं, पडद्यावरून रेघ सरकण्याचा वेग ठरवला आणि रेघ सुरू करणारा ट्रिगरचा नॉब असा लावला, की जवळपास तसल्या यंत्राच्या रेडिओ लहरी असतील तरच पडद्यावर रेघ धावावी. दिव्याजवळ, तसबिरींमागे, पलंगाखाली त्यांनी वेटोळं फिरवलं. पडदा काळाच राहिला. मास्तरांच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात त्यांचा लाडका विद्यार्थी लुबोश आला आणि ऑसिलोस्कोप ठेवलेल्या टेबलाला खेटून बसला.

"मास्तर, मिलान कुठंय ते सांगा. आज मी त्याला सीमेपार पोचवतो."

मास्तर सांगणारच होते, एवढ्यात त्यांना पडद्यावर हिरवी रेघ धावताना दिसली. त्यांनी ट्रिगरचा नॉब पुन्हा पुन्हा लावून पाहिला. रेघ जाईना. ती ओळखायला त्यांनीच लुबोशला शिकवलं होतं. तो मात्र पडद्याकडे बघतच नव्हता.

"कोट काढ की, बाळा," मास्तर हळूच म्हणाले. "घामाघूम झालायस."

"राहू दे, मास्तर. मला थंडी वाजतेय."