ओल

"जगलं म्हणे एक?" धाकटीने दारातूनच विचारलं. पोट आता लपत नव्हतं, त्यात जिना चढून आलेली. धाप लागली होती.

थोरलीने तिला आत घेतलं, पायांवर प्लास्टिकचे मोजे चढवायला लावले, तोंडाला मास्क दिला. बाहेरच्या माणसाला प्रयोगशाळेच्या या खोलीत येऊ द्यायचं नसतं. पण सख्ख्या बहिणीला दारातून परत कसं पाठवणार? भिंतभर डबे रचलेले होते आणि एकेका डब्यात एकेक उंदरीण आपल्या पिल्लांना पोटाशी घेऊन पडली होती.

थोरलीने टेबलावरचा डबा पुढे ओढला. कापसात बोटाच्या पेराएवढं पिल्लू वळवळत होतं. अंगभर मलम चोपडलेलं, म्हणून चकाकत होतं. पातळ कातडीतून पोटातलं दूध पांढरं दिसत होतं.

"प्यायलंय की गं!"

"हो. याच्या भावंडांनी मात्र तोंडही लावलं नाही. सकाळीच गेली. सुकून."

सुकून म्हणजे काय, ते धाकटीला समजावून सांगायची गरज नव्हती. विटांमध्ये चुना भरावा, तसं एक एन्झाइम कातडीच्या पेशींमध्ये लिंपण भरत असतं. तेच नसलं की भिंत नुसती दिसायला भिंत. पाणी धरत नाही. अंगातली ओल हवेत उडून जाते. तिचं पहिलं बाळ असंच गेलं होतं. ओल्या फडक्यात गुंडाळायचं, फडकं वाळायचं, पुन्हा ओलं करायचं. सगळं घर त्या एका फडक्याच्या मागे लागलं होतं.

"रिपोर्ट आला आज," धाकटी म्हणाली. "हेही तसंच आहे."

थोरलीने खुर्ची पुढे सरकवली. धाकटी बसली नाही.

"ताई, ते मलम मला दे."

"वेड लागलंय का तुला? उंदरांचं आहे ते. माणसाला कुणी लावलेलं नाही अजून."

"मग मी लावते."

"चिमे, ऐक. बाळाची कातडी म्हणजे नुसती चाळण असणार. वरून जे लावशील ते आत रक्तात. काही भलतंसलतं झालं तर?"

"तर जाईल. न लावता काय होतं ते मी मांडीवर घेऊन बघितलंय. तू वेगळं काही सांगतेस का, सांग."

तेवढ्यात मदतनीस बाई हातात ट्रे घेऊन आत आली. "मॅडम, याला घ्यायचं ना आता? रंग तयार आहे."

"कुठे नेताय त्याला?" धाकटीने विचारलं.

थोरली तिच्याकडे न बघता म्हणाली, "झोपवायचं, मलम पुसून काढायचं आणि निळ्या रंगात बुडवायचं. कातडी खरोखर बरी झाली असेल, तर पाण्याखाली धरल्यावर रंग निघून जातो. नसेल, तर आत शिरतो."

"झोपवायचं म्हणजे?"

मदतनीस बाईने ट्रेमधली सुई फडक्याखाली सरकवली.

"अगं, एवढ्यांत एक जगलं, आणि तेच मारणार?"

"जगलं म्हणूनच. का जगलं, ते कळायला नको?"

मदतनीस बाईने डबा उचलला आणि पलीकडच्या खोलीत नेला. धाकटी दाराकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "उंदरांना हा आजार असतो?"

"नसतो. द्यावा लागतो."

"मग तो कशावरून बेतून देता?"

थोरलीला थाप मारता आली असती. इतकी वर्षं ती याच प्रश्नाला घाबरत आली होती, आणि आज तो समोर आला तर अंगात बळ उरलं नव्हतं.

"तुझ्या बाळावरून," ती म्हणाली. "त्याच्या पोटरीच्या कातडीचा तुकडा घेतला होता. नखाएवढाच. तू शुद्धीवर नव्हतीस. तुझ्या नवऱ्याला विचारलं होतं. बाळात जो बिघाड होता, तोच या उंदरांत घातलाय. जसाच्या तसा."

"पट्टी होती पोटरीला," धाकटी म्हणाली. "मला वाटलं, सलाईन लावलं असेल."

ती भिंतीपाशी गेली. वरच्या डब्यापासून खालच्या डब्यापर्यंत तिने नजर फिरवली. एका उंदरिणीने पिल्लाला चाटायला घेतलं होतं आणि पिल्लू हलत नव्हतं.

"म्हणजे ही सगळी त्याच्याच मरणाने मरतात," ती म्हणाली. "आणि मी समजत होते, तो एकदाच गेला."

"चिमे, तुझ्यासाठीच केलं गं सगळं."

"माझ्यासाठी ना?" धाकटीने हात पुढे केला. "मग दे."

थोरलीने फ्रीज उघडला. मलमाची एक लहान बाटली काढली, तिच्यावरची चिठ्ठी नखाने खरवडून टाकली आणि बाटली त्या हातावर ठेवली. धाकटीने ती पदराखाली पोटाशी धरली. डोळ्यांत पाणी नव्हतं की तोंडावर उपकार मानल्याची रेघ नव्हती. पायांवरचे प्लास्टिकचे मोजे तिने दारापाशी काढून ठेवले.

"एक कर," ती म्हणाली. "या वेळी तू हॉस्पिटलात येऊ नकोस."

जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत थोरली तशीच उभी राहिली. मग पलीकडच्या खोलीत गेली.

मदतनीस बाई मोरीपाशी उभी होती. नळ चालू होता. चिमट्यात धरलेलं पिल्लू ती पाण्याखाली उलटंपालटं करत होती.

"मॅडम, अजून धुवू?"

"धू."

बाईने धुतलं. पाठ धुतली, पोट धुतलं, पंजे धुतले. मोरीतलं पाणी केव्हाच स्वच्छ झालं होतं. पिल्लू निळंच होतं.