कांताचं हसू

कांतानं आज पोतं टाकलं नव्हतं.

वर्ध्याच्या भाजीबाजारात जी आधी पोहोचेल तिनं आपल्या पोत्याशेजारी दुसरीचं पोतं अंथरून जागा धरायची, हा गोपिका आणि कांताचा कधीपासूनचा रिवाज. आज कांताच्या शेजारी शकुबाई पालकाच्या जुड्या मांडून बसली होती. गोपिका वांग्यांचं टोपलं डोक्यावर घेऊन क्षणभर उभीच राहिली. मग समोर नालीच्या कडेला जाऊन बसली. तिथं गिऱ्हाईक नाक दाबून पुढं जातं.

कारण तिला माहीत होतं. कालपासून गावालाही माहीत होतं. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचे दिवस. गावात पेपर येतो तो फक्त ग्रामपंचायतीत, तोही घडी न मोडता पडून राहतो. कोण उभा, कोण फुटला, हे लोक आता फोनवरच पाहतात. आणि काल फोनवर गोपिका आली होती. कुठल्याशा बातम्यांच्या चॅनेलचा पोरगा तिच्यापुढं माइक धरून विचारतो, "मनोहररावांबद्दल काय वाटतं, मावशी?" गोपिका ठसक्यात सांगते, "त्याले घरची कोंबडी भेत नाई, तो सायबाईले काय भेवाडन?"

मनोहरराव म्हणजे कांताचे भासरे, नवऱ्याचे मोठे भाऊ. यंदा पहिल्यांदाच उभे राहिलेले.

गोपिका हे बोलली होती, यात खोटं काही नाही. पण पोरानं विचारलं होतं ते जुन्या मेंबरबद्दल. मनोहररावांचं नावसुद्धा निघालं नव्हतं. व्हिडिओतला सवाल कोणीतरी नंतर बदलला होता. हे काल तिनं नवऱ्याला दहादा सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तुले हे बोलाले शिकोलं कोणं?" रात्री तिला जेवण गेलं नाही.

ऊन चढलं, गर्दी पातळ झाली. शकुबाई चहाला उठली तशी गोपिका कांतापुढं येऊन उकिडवी बसली.

"काऊन वं, जागा नाई धरली?"

"तुले जागेची काय कमी?" कांता सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांवर पाणी शिंपडत म्हणाली. "अख्खा जिल्हा पाहून राह्यला तुले."

"तू बाजूलेच होती न, कांता. तुह्यासमोर बोलली मी. कोणाबद्दल बोलली, सांग बरं?"

"मलेही आंधी तसंच वाटलं. मंग फोनमधी कितीकदा पाह्यलं. तो पोरगा साफ नाव घेते. माह्यं ध्यान तवा तराजूकडं असन."

"मी जुन्या मेंबराचं..."

"त्याच्या घरी कुठं कोंबड्या हायेत? कोंबड्या आमच्या घरी हायेत." कांताचा आवाज चिरकला. "भासऱ्याईनं सांगतलं, त्या बाईजवळ बसू नोको."

त्या बाईजवळ! गोपिकाला वाटलं आता रडू येईल, पण आला तो राग. तिनं कमरेचा फोन काढला, तोच व्हिडिओ लावला आणि कांताच्या कानाशी धरला.

"माह्यं बोलणं सोड. त्याच्या मांगचं आयक."

कोंबडीचं वाक्य संपलं की मागं कोणीतरी हसत होतं. आधी एक किंचाळी, मग लांबलचक हसू, आणि शेवटी खोकला. हे हसू सगळ्या रांगेच्या ओळखीचं होतं. ते सुरू झालं की पलीकडचा केळीवाला कारण न विचारताच हसायला लागायचा.

कांताच्या हातातून पाणी ठिबकत राहिलं. तिचा ओठ एका बाजूनं जरासा हलला, तो दिवस आठवल्यासारखा. मग चेहरा उतरला.

"हे मी नाई," ती म्हणाली. "आजकाल आवाजही बनवते फोनमधी. हासू मंगून टाकलं असन कोणी."

"तुह्यं हासू टाकता येते, आन् त्या पोराचा सवाल नाई टाकता येत?"

शकुबाई येते का ते कांतानं वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आमच्या घरी कोणी ओळखलं त नसन न? तू दाखोलं कोणाले?"

आता कुठं गोपिकाच्या लक्षात आलं. हे हसू आपल्या नवऱ्याला ऐकवलं तर त्याला पटेल, की भासऱ्याची थट्टा झाली असती तर कांता अशी खिदळली नसती. पण कांताच्या घरी ते असं ऐकणार नव्हते. तिथं एवढंच दिसणार होतं, की बाहेरची बोलली आणि घरची हसली.

"नाई," ती म्हणाली. "नाई दाखोलं."

आत्तापर्यंत तरी ते खरं होतं. कांतानं मान हलवली, पण तिची नजर गोपिकाच्या फोनवरून हलेना.

तेवढ्यात शहराला लागूनच्या सिंदी मेघेचे एक साहेब हातात मोबाइल धरून समोर गोपिकाच्या टोपल्याशी थांबले. एक वांगं उचलून त्यांनी उलटंपालटं केलं, उन्हाकडं धरलं, नाकाशी नेलं. "बाई, यात अळी तर नाही ना?"

चहाहून परतणाऱ्या शकुबाईनं लांबूनच उत्तर दिलं, "अळी पायजे असन त कालच सांगा लागत होतं न, भाऊ!"

सगळी रांग हसत सुटली. गोपिकालाही हसू आवरेना. कांताची पहिली किंचाळी तोंडातून निघालीच होती, एवढ्यात साहेबांनी पैसे पाठवायला मोबाइल वर उचलला. कांतानं तो पाहिला आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला.

तिचे खांदे हलत राहिले, आवाज काही आला नाही. पलीकडचा केळीवाला सवयीनं हसायला तोंड उघडून तिच्याकडं बघत राहिला.