घास मागणारा हात

“अवो डाक्टरीणबाई, लेकरू घास मागतंय. कुटकाभर भाकर भरवू द्या की,” केशरबाई पुन्हा म्हणाली.

तिचा भाऊ बबनराव खेकसला. “आक्का, येडी झालीस का? त्याला धड सुद न्हाई आन् तू भाकरीचं काय घेऊन बसलीस?”

त्याचंही चुकलं नव्हतं. सिरसाळ्याच्या वळणावर उसाची ट्रॉली उलटली आणि केशरबाईचा मुलगा सिदू खाली सापडला. मांडीचा पार चेंदामेंदा. डॉक्टर जिनत एकामागून एक रक्ताच्या पिशव्या लावत होत्या, पण फुटक्या रांजणात पाणी ओतावं तसं चाललं होतं. वरून रक्त जाई, खाली पट्टी भिजे. रक्तदाब इतका खाली की भूल द्यायची कशी, हाच पेच. गावची माणसं रक्त द्यायला बाह्या सरसावून बाहेर उभी होती आणि बबनराव फोनवर दिंद्रुडच्या पाहुण्यांनाही बोलावत होता. आणखी रक्त, आणखी रक्त, एवढंच ज्याच्या त्याच्या तोंडी.

अशा वेळी भाकरीची गोष्ट कोण ऐकतं? दुसरा कुणी असता तर म्हातारीला बाहेर काढून मोकळा झाला असता. जिनत वळल्या. ही बाई वेगळी ती इथंच.

“घास मागतोय, हे कशावरून म्हणता मावशी?”

“हात बघा की त्याचा.”

सिदूची पाचही बोटं टोकाशी जुळली होती, घास उचलावा तशी. जिनत यांनी ती उलगडायला घेतली. उलगडेनात. त्यांचा चेहरा पालटला.

पिशवीतलं रक्त गोठू नये म्हणून त्यात औषध घातलेलं असतं. पिशव्यांवर पिशव्या चढल्या की ते औषध अंगातलं कॅल्शियम खातं. मग हात असे वळतात आणि वाहतं रक्त थांबायचं नाव घेत नाही.

“सिस्टर, कॅल्शियम द्या.”

इंजेक्शन सावकाश शिरेत गेलं. बोटं सैल पडली. पट्टी भिजायची कमी झाली, रक्तदाब वर सरकला आणि सिदूला ऑपरेशनला आत नेलं.

संध्याकाळी त्यानं डोळे उघडले. पायही वाचला होता. बबनराव डॉक्टरांच्या पाया पडायला वाकला.

“आमच्या आक्काला माफ करा बाई. आडाणी हाय, कायबी बोलती.”

जिनत यांनी त्याला धरून उभं केलं. मग सगळ्यांदेखत केशरबाईपुढे हात जोडले.

“माफी मी मागते, मावशी. कॅल्शियम मी आधीच द्यायला हवं होतं. तुम्ही बोलला नसतात, तर मी नुसतं रक्तच चढवत बसले असते.”