नाव मोठं लिहा

"‘छाटणी’ बी नको," लंकाबाई म्हणाल्या.

तेजस्विनीने कपाळाला हात लावला. सकाळपासूनचं हे सहावं नाव. ‘वेलीखाली’ नको, ‘मणी आणि गाणी’ नको, आणि आता तिचं सगळ्यात लाडकं नावही नको! स्पर्धेचा अर्ज पाचच्या आत पोचवायचा होता आणि चार वाजून गेले होते. अर्जाला दोन गोष्टी हव्यात. नव्या संगीत नाटकाचं नाव, आणि ज्या बाईच्या आयुष्यावर ते बेतलंय तिची लेखी संमती. आधी नाव ठरवा, मग सही, असं लंकाबाईंनी आल्या आल्या सांगून टाकलं होतं. सात महिन्यांच्या तालमी त्या एका सहीवर अडकल्या होत्या.

"मग तुम्हीच सांगा, मावशी," तेजस्विनी म्हणाली.

"लंकाबाई ठेवा. दुसरं काय नाय."

कोपऱ्यात पेटीवाला हर्षल खुदकन हसला. "लोकांना रामायण वाटेल. तिकीट काढून येतील आणि रावण शोधत बसतील."

"बसू दे," लंकाबाई म्हणाल्या. "नाव तर घेतील ना?"

तेजस्विनीने शेखरकडे पाहिलं. बाईंना सिन्नरहून गाडीत घालून गंगापूर रोडच्या या हॉलवर त्यानेच आणलं होतं. मूळ माहितीपटही त्याचाच, अकरा वर्षांपूर्वीचा. द्राक्षबागेत गाणी रचणारी लंकाबाई त्याने कशी शोधली, हा किस्सा तो चहाच्या प्रत्येक कपाबरोबर सांगायचा. सायखेड्यात कुणी तरी म्हणालं होतं, सिन्नरकडच्या मजुरांच्या टोळीत एक बाई आहे, घडांची विरळणी करता करता गाणी जोडते. शेखर कॅमेरा घेऊन टोळी शोधत बागेत पोचला. "लंकाबाई कुठंय?" विचारल्यावर सगळ्या बाया एकदम गप्प झाल्या. शेवटी तिच्या नवऱ्याने, गोरक्षभाऊंनी, एका बाईच्या छातीकडे बोट केलं. ही बाई आधी गांगरली, मग गळ्यातला टाक कपाळाला लावून गायला लागली:

विरळणीच्या कात्रीला गं धार माझ्या बोटाची,
लंका म्हणे द्राक्षा, गोडी कोणाच्या गं ओठाची?

दोन दिवसांत एकोणीस गाणी दिली तिने. प्रत्येकाच्या शेवटी ‘लंका म्हणे’ होतंच.

तो टाक आता नाटकातही होता. काळ्या पोतीत ओवलेला चांदीचा बारीक पत्रा, त्यावर झिजून गेलेली एक बाई. लंकाबाईंचं काम करणाऱ्या सायलीने सराफ बाजारातून तसाच मिळवला होता.

"वणीची देवी ना, मावशी?" तिने सकाळी विचारलं होतं.

"देवीच म्हण," लंकाबाई हसल्या होत्या.

तालीम बघताना मात्र त्यांनी सायलीला जराही सोडलं नव्हतं. "लंकाबाई असं नाय बसायची. एक पाय दुमडून बसायची." "लंकाबाई मुकादमाला घाबरत नव्हती गं, उलट त्याच्यावरच गाणं जोडायची!" स्वतःबद्दल असं परक्यासारखं बोलणं तेजस्विनीला फार आवडलं होतं. नाटकातल्या जुन्या मानाच्या नट्या असंच बोलायच्या.

आता ते तितकंसं आवडत नव्हतं. एवढी काय हौस स्वतःच्या नावाची! ती शेखरला बाजूला घेऊन कुजबुजली, "आयुष्य यांचं, पण नाटक मी लिहिलंय. मला काही किंमत आहे की नाही?"

"तुझं बरोबर आहे गं. पण सही?"

तेजस्विनीने वळून पाहिलं. बाई खुर्ची सोडून जमिनीवर बसल्या होत्या. मांडीवरच्या दोन्ही हातांची बोटं कात्रीने वाकडी झाली होती. जन्मभर दुसऱ्याच्या बागेत राबलेल्या बाईचं नाव एकदा मोठ्या अक्षरात आलं, तर आपलं काय जातंय? तिला स्वतःचीच लाज वाटली.

"ठेवलं, मावशी," ती जवळ जाऊन बसली. "‘लंकाबाई’. झालं समाधान?"

"मोठं लिहा. लांबून दिसलं पायजे."

"एवढं मोठं लिहू की रस्त्यापलीकडून वाचता येईल. आणि खाली तुमचा फोटो."

"माझा फोटो नको." बाईंनी मान जोरात हलवली. "नुसतं नाव."

हर्षलने भुवया उंचावल्या. नावाची एवढी हौस आणि फोटोला लाजतायत! तेजस्विनीने अर्जावर ‘लंकाबाई’ लिहिलं आणि त्यांना दाखवलं. त्यांनी एकेका अक्षरावर बोट फिरवून वाचलं. त्यांचे डोळे भरून आले. तेजस्विनीचेही आले, उगाच कशाला खोटं सांगा.

शेखरने संमतीचा कागद पुढे केला. शाईचा पॅडही काढला. "अंगठा चालेल, मावशी."

"नातीनं शिकवलंय मला." त्यांनी पेन मुठीत धरलं आणि जीभ दातात पकडून सावकाश लिहिलं.

शेखरने कागद उचलला. वाचला. पुन्हा वाचला. कागदावर लिहिलं होतं, ‘चांगुणा’.

"मावशी, हे कुणाचं नाव लिहिलंत?"

"माझं. खोटी सही कशी करू?"

"तुमचं? मग लंकाबाई?"

बाईंनी गळ्यातला टाक हातात घेतला, पदराने पुसला आणि अर्जावरच्या नावाशेजारी धरला.

"एका टोळीत होतो आम्ही. हिची गाणी ऐकून ऐकून पाठ झाली मला. ही वारली, मग हिच्या मालकांनी मला बायको केली आन् ही टाक होऊन माझ्या गळ्यात आली. लंकाबाई ही, बाळा. मी हिची सवत."