दोन बोटं वर

गवंडीबुवांनी गावभर आरशासारख्या फरश्या बसवल्या, पण त्यांच्याच स्वयंपाकघराच्या दारातली एक फरशी चार वर्षं दोन बोटं वर आलेली होती. बायको रोज तिला ठेचकाळायची आणि रोज सांगायची. "उद्या नक्की!" म्हणत बुवा लेकीच्या एकचाकी सायकलवर चढायचे. दोन महिने गुडघे फोडून घेतले, पण सीट घट्ट धरून चाकासकट त्या फरशीवरून टुणकन उडी मारायला ते शिकलेच.

"कमाल आहे तुमची!" बायकोने कपाळाला हात लावला. "आणि मी काय जन्मभर ठेचकाळत राहू?"

"छे गं! तुझ्या वाढदिवसाच्या आत तुझाही प्रश्न मिटवतो."

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी दारात दुसरी एकचाकी सायकल आली, अगदी तिच्या मापाची.