हातभर कमी

काठीला बांधलेली आकडी पुन्हा हवेतच फिरली. काशीरामने पोफळीच्या शेंड्याला पायांनी झोका दिला, समोरच्या पोफळीकडे आकडी लांब केली. हातभर कमी.

गुडघे आता त्याला दिवसात एकच चढण देत. म्हणून तो सकाळी एकदाच चढायचा. एका पोफळीचे घड दोराने खाली सोडले की झोका घेऊन आकडीने पुढची पोफळ जवळ ओढायचा आणि वरच्या वर तिच्यावर जायचा. पाय जमिनीला न लावता अख्खी रांग व्हायची. पण या रांगेतली एक पोफळ वादळात पडली होती. तिच्या जागी लावलेलं रोप अजून कमरेएवढंच होतं. गेल्या वर्षी मात्र ही फट याच आकडीने पार झाली होती.

"काका, उतरा," खालून वाडीची मालकीण दर्शना म्हणाली. "उरलेल्या झाडांना दापोलीचा मुलगा येईल उद्या, मशीन घेऊन. पुढच्या वर्षीपासून सगळी वाडी त्यालाच देऊन टाकते."

काशीरामने पायातला फास सारखा केला. परत झोका. हातभर कमी.

दोर धरून उभी असलेली त्याची बायको मालन वैतागली. "अवो, या खालती. वारा आला तर पोफळ वाकते. तुम्ही बसलाव तर तिला पत्ता नाय. कावळा बसलाय का माणूस, तिला कळत नाय."

झोका थांबला. काशीरामने आपल्या वाळलेल्या पोटऱ्यांकडे पाहिलं. मग खाली मालनच्या पायाशी पडलेल्या घडांकडे.

"दोराला दोन घड बांध. वर पाठव."

"वर? उतरवलेली सुपारी कुणी वर पाठवतं काय?"

"बांध गं."

थांबत, धापा टाकत त्याने घड ओढून घेतले आणि कमरेला न बांधता पोफळीच्या शेंड्यालाच आवळले. पुन्हा झोका दिला. पोफळ आता सावकाश हलू लागली, पण लांब जाऊ लागली.

दोराचं टोक काशीरामच्या कमरेला होतं. त्याला मागे ओढ बसू नये म्हणून मालनने आपल्या हातातला दोर सोडून दिला.

आकडी अडकली. समोरचा शेंडा जवळ आला, काशीरामने त्याला मिठी मारली. मागची पोफळ सुटून सरळ झाली आणि केशरी घड घेऊन हलत राहिली, जणू कुणी तिला हातच लावला नव्हता.

"आणि ते दोन घड?" दर्शनाने विचारलं. "ते कोण उतरवणार?"

काशीराम नव्या पोफळीवर कोयता चालवत होता.

"ते उद्याला ठेवलेत," तो म्हणाला, आणि त्याने पुढच्या पोफळीचा अंदाज घेतला.