दीडशेची मोटार

दहा वाजता शिवारातल्या विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या आणि रहेमतबीच्या मशीनने शिट्टी मारली. मुनव्वरने स्टॅबिलायझरकडे पाहिले. काटा एकशे चाळीस व्होल्टवर. एकशे सत्तरच्या खाली ते मशीन ऑक्सिजन देत नसे, नुसते बोंबलायचे. त्याने बायकोच्या नाकातली नळी सिलिंडरला जोडली. सिलिंडर तीन तास पुरणार होता. मोटारी संध्याकाळी सहापर्यंत चालणार होत्या.

रहेमतबीची फुप्फुसे गेली होती. बीडच्या डॉक्टरांनी दिवसातले सोळा तास ऑक्सिजन सांगितला होता. मशीन साडेतीनशे वॅटचे आहे म्हटल्यावर मुनव्वरला हसूच आले होते. नेकनूरपासून केजपर्यंतच्या जळालेल्या मोटारी तांब्याच्या तारेचे नवे वेढे घालून भरून देणारा मिस्त्री तो. साडेतीनशे वॅट म्हणजे त्याच्या लेखी कुठल्या झाडाचा पाला!

त्याने चौथ्यांदा लाइनमन सटवाला फोन लावला आणि तोंड सोडले. सटवा आज खरेच डीपीवर, शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरपाशी, आला होता.

"मिस्त्री, शिव्या नंतर द्या. डीपीवर दोनशे वीस हाय. तुमच्याकडं किती?"

"एकशे चाळीस. मधले ऐंशी काय तू खाल्ले का बे?"

"तार खाती. तारंतून ऐंशी अँपिअर चाललेत. मीटर लावूनच बोलतोय मी."

मुनव्वरने मनात हिशेब मांडला. ऐंशी व्होल्टला ऐंशी अँपिअरने भागले. एक ओहम. डीपीपासून वस्तीपर्यंतच्या पाऊण किलोमीटर जुन्या तारेचा अडथळा एक ओहम. ऐंशी गुणिले ऐंशी, सहा हजार चारशे वॅट. एवढी वीज खांबांवर फुकट तापत होती, आणि इथे साडेतीनशे वॅटसाठी रहेमतबीचे ओठ निळे पडत होते. हे भागाकार-गुणाकार तो रोज करायचा, पण मोटारीपुरते. तारेचे गणित त्याने जन्मात केले नव्हते.

"मोटारी आठच हायेत ना तुमच्या वस्तीवर?" सटवा म्हणाला. "कंपनीची मोटार सहा अँपिअर घेती. मंग ह्या धा-धा कावून घ्यायल्यात?"

कावून ते मुनव्वरला पक्के माहीत होते.

सात वर्षांपूर्वी व्होल्टेज जरा पडले आणि सोमेश्वरची मोटार पाणी उचलेना. मुनव्वरने तिचे वेढे कमी केले, तार जाड घातली आणि दीडशे व्होल्टवर पळेल अशी भरून दिली. रहेमतबी शेजारी बसून वेढे मोजायची. तिचा आकडा कधी चुकला नाही. मोटारीवर त्याने लाल रंगाने '१५०' लिहिले. ती मोटार जास्त अँपिअर ओढायची, त्यामुळे व्होल्टेज आणखी पडले, मग शेजाऱ्याची उचलेना, मग त्याने तशीच भरून घेतली. करता करता आठही झाल्या. शेतीचे बिल हॉर्सपॉवरवर येते, अँपिअरवर नाही. मग कोणाला पडली होती? आणि मुनव्वरचे तर जिकडेतिकडे नाव झाले होते.

आठ सक अठ्ठेचाळीस. दोनशे वीसमधून अठ्ठेचाळीस गेले, राहिले एकशे बहात्तर. सगळ्या मोटारी पुन्हा कंपनीच्या वेढ्यांवर आणल्या की मशीन चालेल. दोन व्होल्ट उरतात वर. दोन तर दोन.

तो उन्हात निघाला. दारोदार एकच सांगत होता, मोटार काढा, फुकट भरून देतो, माझ्या बाईचा जीव वाचेल.

सोमेश्वरने त्याला पाणी दिले. सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"चूक तुमची एकट्याची न्हाई, मिस्त्री. पण माझी एकट्याची बदलली तर ती एकशे चाळीसवर नुसती घुंघुं करंल अन् जळंल. तुमीच सांगा, खोटं हाय का?"

खोटे नव्हते.

"मंग आठी एकदम बंद ठेवा. आठ दिवसांत भरतो."

"आठ दिवस? ऊस उभ्यानं वाळंल. आधी बाकीच्यांचं बघा, सगळ्यात शेवटी माझी काढतो."

सात घरी हेच उत्तर मिळाले. कोणी वाईट बोलले नाही. दोघींनी तर रहेमतबीसाठी डोळे पुसले. आठवा म्हाळू. त्याच्या दाराला कडी होती. म्हाळू वयाने मोठा, वस्ती त्याचे ऐकायची. त्याने एकट्याने सुरुवात केली तरी बाकीचे मागे येतील, असे मुनव्वर स्वतःला सांगत राहिला. दुसरे सांगण्यासारखे काही उरले नव्हते.

तो घरी आला तेव्हा एक वाजत आला होता. सिलिंडरचा काटा लाल पट्टीत होता. ओसरीवर ओल्या चिखलाने माखलेली मोटार ठेवलेली होती. तिच्यावर '१५०' त्याच्याच हातचे.

मुनव्वरने तिच्यावरचा चिखल हाताने पुसला. "म्हाळूभाऊची हाय ना ही? काढून आणली त्यांनी?"

रहेमतबीने मान डोलावली. तिच्या तोंडावर किती दिवसांनी हसू आले होते.

"आत्ताच ठेवून गेले. म्हणले, आता दीडशेची बी उचलंना. एकशे वीसवर चालंल अशी भरून पायजे." ती थांबली, दोनदा श्वास ओढला. "मी म्हणलं, आमच्या ह्यांच्याशिवाय कुणाला जमायचं न्हाई ते. मला जरा उठवून बसवा. वेढे मी मोजते."